नाव झाकून काढलेला टंच

जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांतले शास्त्रज्ञ दर महिन्याला विट्याच्या एका पत्र्याच्या पडवीत नापास होतात, याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नाही. नापास करणारे गृहस्थ जुनी अकरावी पास आहेत. पायात कोल्हापुरी, अंगात पांढरा सदरा, हातात लाल पेन्सिल. भुवया जवळजवळ नाहीतच. त्या भट्टीने खाल्ल्या, असं ते स्वतःच सांगतात.

हे आमचे हणमंतआबा मोहिते. आमच्या भागात घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात असतो. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवायची, त्यातली भेसळ काढायची आणि उरलेला माल किती शुद्ध आहे ते सांगायचं. त्या सांगण्याला टंच काढणं म्हणतात. आबांनी कोइमतूरला उभी हयात टंच काढण्यात घालवली. साठी उलटल्यावर दुकान पुतण्याच्या हाती देऊन ते बायकोसह गावी परतले आणि माझे शेजारी झाले. परतल्यावर दोनच वर्षांत काकू गेल्या.

मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे तीस वर्षं तोच लोलक हलवला, तेच भिंग पुढे-मागे केलं आणि प्रॅक्टिकलच्या वह्यांवर सह्या केल्या. निवृत्त झाल्यावर एका दुपारी आबा मोबाईल पुढे धरून माझ्या पायरीवर उभे राहिले.

"सर, क्वांटम ग्रॅव्हिटी मंजी काय वो?"

मी खुर्चीतून पडायचाच राहिलो. हा प्रश्न नोकरीभर एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता आणि त्याबद्दल मी देवाचा आभारी होतो. तरी मास्तरकी अंगात मुरलेली. मी सांगितलं की ग्रह-तारे, सफरचंदं अशा मोठ्या गोष्टींचा एक कायदा आहे, गुरुत्वाकर्षणाचा. अणूच्या पोटातल्या बारीक कणांचा कायदा वेगळा आहे, त्याला क्वांटम म्हणतात. दोन्ही कायदे आपापल्या जागी चोख, पण एकत्र बसवायला गेलं की गणित बिघडतं. ते कसं बसवायचं यावर जगभर हुशार माणसं डोकं खाजवत बसली आहेत.

आबांनी क्षणभर विचार केला. "मंजी भावकीचं भांडाण. दोगं भाऊ खरं, पर एका चुलीवर जेवत न्हाईत."

इतकं सोपं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं. मी मान डोलावली आणि फसलो.

त्यानंतर आमचा दर महिन्याचा कारखाना सुरू झाला. परदेशातल्या एका संकेतस्थळावर या विषयाचे ताजे शोधनिबंध फुकट मिळतात. ते ढिगाने येतात. त्यातले वीस-पंचवीस मी उतरवून घ्यायचे, एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायचे आणि आबांच्या पडवीतल्या बाजेवर ठेवायचे. झेरॉक्सवाल्याला अजून वाटतं की आमचा जमिनीचा काहीतरी मोठा दावा चालू आहे. कागदांवरची चिन्हं बघून तो एकदा म्हणाला, "सर, वकील मद्रासी हाय का?"

पण वाचायला बसण्याआधी एक विधी असतो. प्रत्येक निबंधावर लेखकाचं आणि विद्यापीठाचं नाव असतं, त्यावर मी कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवायची. ही आबांची अट. "टंच काढताना गिऱ्हाईकाचं तोंड बघायचं न्हाई. तोंड बघितलं की हात हलतो." पहिल्यांदा मी जरा वाद घातला. अमक्या विद्यापीठाचं नाव असलं तर निबंध चांगलाच असणार, असं म्हणालो. आबा माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिले, ती नजर मी पूर्वी नापास मुलांसाठी वापरत असे.

मग आबा वाचायला बसतात. इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी येतं, गणित येत नाही. मला गणित थोडं येतं, पण या निबंधांमधलं येत नाही, हे मी अजून त्यांना नीटसं सांगितलेलं नाही. ते आधी पहिलं पान वाचतात, मग शेवटचं. मधल्या पानांवर मी बोट ठेवून 'इथे असं म्हणतायत' हे मराठीत सांगतो. आबा लाल पेन्सिलीने 'कदाचित', 'शक्य आहे', 'सूचित होते' या अर्थाच्या शब्दांखाली रेघा ओढत जातात. "जितकं कदाचित जास्त, तितकं तांबं जास्त," असा त्यांचा हिशोब. आणि एखाद्याने शेवटी सरळ लिहिलं असलं की आमचं हे काम अमुक ठिकाणी लंगडं पडतं, तर त्यांचा चेहरा खुलतो. "ह्यो बघा मर्द गडी! आपली घट आपणच सांगतूय. ठिवा बाजूला." घट म्हणजे वितळवताना वजनातून जे कमी होतं ते.

बाजेवर तीन ढीग पडतात. 'टिकेल', 'पुन्ना तापवा' आणि 'तांबं'. पहिल्या ढिगातून रडतखडत पाच निबंध निवडले जातात. आबा त्यांची यादी वहीत लिहितात. नापासांतल्या ठळक मंडळींवर शेरे मारतात. शनिवारी त्या पानाचा फोटो जर्मनीला जातो. पट्ट्या सोलून कोण पास, कोण नापास हे बघायचं ते रविवारी सकाळी, चहा घेत. बोर्डाचा निकाल लागावा तसे आम्ही दोघं त्यावर तुटून पडतो. एकदा फार गाजावाजा झालेला एक निबंध आबांनी तांब्यात टाकला होता. काही महिन्यांनी लेखकांनी तो स्वतःच मागे घेतला. त्या दिवशी आबांनी आळीत पेढे वाटले. लोकांनी विचारलं, नातू झाला का? आबा म्हणाले, "न्हाई वो, एक निबंध पडला."

जर्मनीत कोण? तर मनीषा, आबांची एकुलती एक मुलगी. ती तिथल्या विद्यापीठात याच विषयात संशोधन करते.

तिच्या लहानपणाची कहाणी मला बऱ्याच उशिरा आणि तुकड्या-तुकड्याने कळली. आबा-काकू कोइमतूरला, दुकान आणि खोली एकच, दिवसभर तेजाबाचा धूर. त्या धुरात पोर कशी वाढवायची म्हणून तिला सहाव्या वर्षी पाचगणीच्या शाळेत घातली. पुढे पुणे, मग परदेश. दर रविवारी तिचा फोन काकूंना यायचा. आबा शेजारी बसून ऐकायचे, तेवढाच त्यांचा वाटा. काकू गेल्या आणि फोन आबांच्या हातात आला. पहिले काही रविवार मी स्वतः ऐकले आहेत. "जेवलीस?" "जेवले." "पाऊस हाय का?" "नाहीये." मग दोन्हीकडे गप्प. "बरं, ठिवतो." दोन मिनिटांत कारभार आटोपायचा. त्यानंतरच आबा मोबाईल घेऊन माझ्या पायरीवर आले होते.

यादी सुरू झाल्यापासून फोन तास-दीड तास चालू लागला. "आबा, त्या तिसऱ्याला तुम्ही वर का घेतलं?" "आगं, त्यानं तपासायची रीत तरी सांगितलीया, तुझ्या त्या दुसऱ्यानं नुसतीच हवा केली!" बाप-लेक कडाकडा भांडायचे. फोन ठेवला की आबा तांबडेलाल होऊन माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "लय हुशार हाय, पर ऐकत न्हाई." इतका सुखी माणूस मी आमच्या आळीत दुसरा पाहिला नाही.

यंदा उन्हाळ्यात एक निबंध आला. अवकाश म्हणजे ही जी सगळीकडे जागा पसरली आहे, ती मुळात नसतेच, दुसऱ्याच कसल्याशा बारीक धाग्यांतून ती तयार होते, असा त्याचा दावा होता. भाषा देखणी होती. मला तर फार आवडला. आबांनी मात्र मला तिसऱ्या पानावर थांबवलं, मग चौदाव्या पानावर नेलं, मग पुन्हा तिसऱ्यावर आणलं.

"सर, हितं 'समजा' म्हणलंय. बरूबर?"

"बरोबर."

"आन् हितं तेच 'मिळालं' म्हणलंय."

मी दोनदा वाचलं. आबा खरं बोलत होते. जे शेवटी सिद्ध झालं म्हणून सांगितलं होतं, तेच हळूच सुरुवातीला गृहीत धरलेलं होतं.

आबांचा आवाज चढला. सोनारांच्या दुकानातली झाडलोट गलाईवाले विकत घेतात, तिच्यातून सोन्याचे कण काढतात. काही लोक त्या मातीत आपणच मूठभर सोनं मिसळतात, नमुना म्हणून ते काढून दाखवतात आणि उरलेली नुसती माती गळ्यात मारतात. आबा या धंद्यात दोनदा असे फसले होते. त्यांनी शेरा लिहिला, 'मातीत आपणच सोनं मिसळलंय. ही लबाडी हाय.' लबाडीखाली दोन रेघा. फोटो गेला.

रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी पट्टी सोलली. तीन नावं होती. मधलं नाव होतं मनीषा मोहिते.

पट्टी मीच चिकटवली होती, क्रिकेटची मॅच बघत बघत, नावाकडे न बघता. मी तो कागद मांडीखाली सारला. पण आबांच्या नजरेतून कधी गुंजभर माल सुटला नाही, तर हा काय सुटणार. त्यांनी हात पुढे केला. कागद बघितला. मग चष्मा काढून पुसला आणि परत बघितला.

"तिचा हाय व्हय," एवढंच म्हणाले.

त्या रविवारी संध्याकाळी फोन आला नाही. एक निरोप आला. 'घट मान्य आहे आबा. दुरुस्त करतेय. सध्या गडबडीत आहे.' पुढच्या रविवारीही फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही. आबा सहा वाजल्यापासून फोन समोर ठेवून बसायचे आणि साडेआठला उठून तो चार्जिंगला लावायचे.

मला राहवेना. म्हणालो, "आबा, यापुढे नावं झाकायचं बंद करू. कुणाचं ते कळलं म्हणजे असं होणार नाही."

"न्हाई," आबा म्हणाले. "नाव बघून काढलेला टंच ह्यो टंच नव्हं. त्यात चूक हुती, ती काडली. त्याचं मला कायबी वाटत न्हाई."

"मग?"

आबा म्हणाले, "सर, दुकानात चार कारागीर हुते. सोन्याची लगड हातात घितली की मी सांगायचो, ह्ये कुणाच्या हातचं. नाव लागायचं न्हाई. आन् पोटच्या पोरीनं ईस पानं लिवली, ती म्या पयल्यापास्नं शेवटापातूर वाचली, आन् मला वळखू आलं न्हाई. एका ओळीतबी आलं न्हाई. वर लबाड म्हणलो. कशी वळखू येणार? ती कशी बोलती, कशाला हसती, रागावली की काय करती, मला काय म्हाईत हाय? समदं तिच्या आईला म्हाईत हुतं."

इतकी वर्षं मी या माणसाची नक्कल करून लोकांना हसवत होतो, त्याची त्या क्षणी लाज वाटली.

"तुम्ही करा की फोन," मी म्हणालो.

"मी?" आबा दचकलेच. इतक्या वर्षांत त्यांनी तिला स्वतःहून कधी फोन केलेला नव्हता. "मी काय बोलू? निबंध सोडून आमचं बोलणं काय हाय?"

"मग निबंध सोडून बोला."

बुधवारची दुपार होती. माझ्याच व्हरांड्यात बसून आबांनी नंबर लावला. त्यांना फोन कानाला धरून ऐकू येत नाही, म्हणून स्पीकर मोठा. पहिल्याच रिंगला पलीकडून घाबरलेला आवाज आला.

"आबा? काय झालं? आज बुधवार आहे!"

"कायबी झालं न्हाई. बरा हाय मी. सर हायती शेजारी."

"मग? त्या निबंधाचं म्हणाल तर आम्ही तो..."

"न्हाई गं. निबंधाचं न्हाई." आबांनी सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं. "तू चवथीत हुतीस. त्या दिवाळीला दुकान सोडवंना म्हणून आमी न्यायला आलोच न्हाई. समदी पोरं घरला गेली, तू एकटी हास्टेलात राहिलीस. आई तुझी लय रडली हुती. मी न्हाई तुला कवा इचारलं." मी जमिनीकडे बघत राहिलो. "त्या सुट्टीत तू दिवसभर काय करत हुतीस गं?"

फोन कट झाला की काय म्हणून मी वाकून बघितलं. सेकंद पुढे पळत होते. फोन चालू होता.

मग मनीषाचा आवाज आला. एवढ्या मोठ्या विद्यापीठातल्या बाईचा तो आवाज नव्हता.

"थांबा हं आबा. दार लावून येते. मग सांगते."

मी उठून आत निघालो. आबांनी फोन दोन्ही हातांत धरला होता.

"सावकाश ये," ते म्हणाले. "मी हाय हितंच."