मामांचे आजोबा आणि माझी दाढी

मामांना मी नुसतं "बघतो" म्हणालो, तिथंच सगळं बिघडलं.

मामा म्हणजे बायकोचे मामा. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या ज्यू घराण्याची मुळं खणायला घेतली होती. देशोदेशी पांगलेल्या नातलगांचा फोनवर एक ग्रुप काढला, ट्रंकांच्या तळाचे जुने फोटो मागवले आणि कोणता कधीचा, त्यात कोण कोण, याचा छडा लावायला सुरुवात केली. पणज्या, चुलतआज्या पटापट सापडल्या. अडलं ते नेमकं स्वतःच्या आजोबांपाशी. मामांचं नाव आजोबांवरूनच ठेवलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहायला मिळाला नव्हता. ते मामांच्या जन्माआधीच गेलेले. मागे उरला होता एक कोट आणि एक फोटो. फोटोत तीन पुरुष. तिघांच्या दाढ्या छातीपर्यंत, तिघांच्या टोप्या सारख्या, आणि तिघांचाही चेहरा दात दुखत असल्यासारखा.

"आई बोट ठेवून दाखवायची," मामा म्हणाले, "पण मी लहान होतो हो. आईचं बोट लक्षात आहे, आजोबा नाहीत."

हे ऐकून कोणालाही गलबलून येईल. मी म्हणालो, "बघतो."

(मी पाणीपट्टीच्या ऑफिसात कारकून आहे. "बघतो" तोंडातून आपोआप पडतं. आमच्याकडे त्याचा अर्थ 'विसरा' असा होतो, हे मामांना माहीत नव्हतं.) ते लगेच फोटो आणि कोट आमच्याकडे ठेवून गेले.

मग मी अभ्यासाला बसलो. कपड्यांवरून फोटोचा काळ ओळखता येतो, हे मला इंटरनेटवर कळलं, आणि जेवताना मी ते बायकोला सांगितलं.

"कॉलर बघायची. टोकं गोल की टोकदार, त्यावर सगळं असतं."

"तुमच्या कॉलरवर मळ आहे," बायको म्हणाली. "त्यावरून काळ सांगू का?"

शास्त्राची घरात ही किंमत! पण मी डगमगलो नाही. माझा विचार सरळ होता. कोट आजोबांचा, एवढं नक्की. तो अंगात घालून, तसंच उभं राहून फोटो काढायचा आणि या तिघांशी ताडून बघायचा. ज्याच्याशी जुळेल ते आजोबा. तुलना चोख हवी म्हणून दाढीही हवी. बायको बाहेर गेल्यावर तिनं अर्धवट विणून ठेवलेला काळा स्वेटर मी उसवला आणि लोकर डिंकानं हनुवटीला चिकटवली. फोन डब्यांच्या उतरंडीवर ठेवला, टायमर लावला, पळत जाऊन पडद्यापुढे उभा राहिलो. त्या काळी फोटोत हलायची सोय नव्हती, म्हणून मी श्वाससुद्धा रोखला. फोटो छान आला. त्याला जुना तपकिरी रंगही दिला आणि बायकोला पाठवून दिला.

म्हणजे, बायकोला पाठवला असं मला वाटलं.

दाढी निघता निघेना. तेल, साबण, गरम पाणी, शेवटी कात्री, असं करत मी न्हाणीघरातून बाहेर आलो तेव्हा फोन टेबलावर थरथरत फिरत होता. फोटो नातलगांच्या ग्रुपवर गेला होता. परदेशातल्या मावशींनी लिहिलं होतं, "हेच ते! नाक बघा, माझ्या थोरल्याचं नाक!" कोणाला कपाळ आपलं वाटलं, कोणाला कान. त्या ग्रुपवर फोटोंच्या तारखा सांगण्यात एक बाई पटाईत. त्यांना सगळे तारीखबाई म्हणतात. त्यांनी कोटाच्या शिलाईवरून निकाल दिला होता : "शंभर वर्षांहून जुना. गृहस्थ विद्वान दिसतात."

(विद्वान! आयुष्यात पहिल्यांदा. तेवढ्यासाठी मी फोटो काढून टाकायला जरा उशीर केला, हे कबूल करतो.)

संध्याकाळी दारावरची बेल वाजली. मामा! हातात मोठी फ्रेम, तीत माझा तो फोटो, मागोमाग जिन्यात भेटलेली बायको.

"जावईबापू, सापडले!" मामांनी फ्रेम खुर्चीवर ठेवली आणि समोर बसले. "कोट तोच आहे. आता शंकाच नको. फ्रेमच्या दुकानापासून बोलत आलोय मी यांच्याशी." त्यांचे डोळे भरले होते.

बायकोनं फ्रेमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हनुवटीवर राहिलेल्या लोकरीकडे पाहिलं. "माझा स्वेटर," ती हळूच म्हणाली. मग आणखी हळू, "आत्ता सांगा. आत्ताच."

मी म्हणालो, "मामा, ते... आजोबा नाहीत. मी आहे."

मामांनी चष्मा पुसला. फ्रेम बघितली, मला बघितलं. त्यांनी ओरडावं, असं मला मनापासून वाटत होतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "बरं," आणि फ्रेम पालथी घालू लागले.

"थांबा," बायको म्हणाली. तिनं फ्रेम ओढून घेतली. "या कोटाचं खालचं बटण बघा. बाकीची बारीक, हे केवढं मोठं! कोणीतरी दुसऱ्या कोटाचं लावलंय." तिनं तो तिघांचा फोटो काढला आणि भिंग घेऊन खिडकीपाशी गेली. "मामा, इकडे या. हे मधले, बसलेले."

मधल्या माणसाच्या कोटाला खालचं बटण मोठं होतं.

मामा बराच वेळ भिंगावर वाकून होते. मग त्यांनी त्या माणसावर बोट ठेवलं. "आई इथंच ठेवायची," ते म्हणाले. "अगदी इथंच." आणि ते रडता रडता हसायला लागले, ते पाणी द्यावं लागेपर्यंत. जाताना त्यांनी मला मिठी मारली, पण फ्रेम आमच्याकडेच ठेवून गेले.

मी ग्रुपवर लगेच खुलासा केला : "फोटोतला दाढीवाला मी आहे. क्षमस्व."

मावशींनी लिहिलं, "गेलेल्या माणसाची थट्टा करू नये."

तारीखबाई तर चिडल्याच. "अशक्य! मी फोटो मोठा करून तपासलाय. कोट त्या काळचा आहे. शिवाय डोळे बघा, त्यात काही म्हणजे काहीच नाही. माझ्या मते फोटो काढला तेव्हा हे गृहस्थ हयात नव्हते."

बायकोनं ते दोनदा वाचलं.

"बाई हुशार आहे हं," ती म्हणाली. "लग्नाआधी तुमचा फोटो आला होता, तो हिला दाखवायला हवा होता."