दोन आया, दोन कॅसेटी

प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढल्यावर माझी एक पक्की समजूत झाली होती. चुका माणसं करतात, पद्धत कधीच करत नाही. पद्धत नीट बांधली की माणसांची काळजी करायला नको! ही समजूत १९८६ च्या जानेवारीपर्यंत टिकली.

त्या महिन्यात आमच्या लखनौच्या मराठी मंडळाचे चिटणीस दादाराव घरी आले. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला कुणीतरी अभ्यासाचं बोलावं, अशी त्यांची इच्छा होती. मी तिथल्या तिथे विषय दिला: तेलुगू आणि खोसा या भाषांची तुलना.

"वहिनी, ही खोसा कुठली?"

"दक्षिण आफ्रिकेतली."

"आणि मराठी?"

"मराठी या तुलनेत नाही."

दादारावांनी चहा संपवला. जाताना फाटकापाशी त्यांनी ह्यांना हळूच विचारलं, की वहिनींची तब्येत बरी आहे ना.

विषय सुचायला कारण होतं. शेजारी लीलावती राहायची. गुंटूरची, नवरा बख्शी का तालाबच्या हवाई दलाच्या तळावर. आणि आमच्या वरच्या खोलीत दक्षिण आफ्रिकेची कोलिस्वा भाड्यानं राहायची. ती औषधशास्त्र शिकत होती. तिच्या नावातलं पहिलं अक्षर खरं तर 'क' नाहीच. टांगेवाला घोड्याला हाकताना गालाच्या कडेनं जो आवाज काढतो, तो तिथे येतो. मी आठवडाभर आरशासमोर सराव केला. शेवटी तिनंच सांगितलं, "दीदी, क बोलिए, चलेगा."

एका रविवारी दोघींना गच्चीवर उन्हात बसवलं आणि टेपरेकॉर्डर लावला. प्रत्येकीच्या कॅसेटच्या एका बाजूला माझी शब्दांची यादी, दुसऱ्या बाजूला मनाला येईल ते बोलणं. यादीतच मोठा शोध लागला. आई, पाणी, दूध: तेलुगूत अम्मा, नीळ्ळु, पालु, खोसात उमामा, अमान्झी, उबिसी. दोन्हीकडे शब्द संपतो तो स्वरावरच. फरक मुख्य एकच, खोसातले ते जिभेचे टिचकीसारखे आवाज. ते तेलुगूत औषधालासुद्धा नाहीत. म्हणजे कुणीही दहा सेकंदांत भाषा ओळखावी, असं मी वहीत लिहून ठेवलं. अधोरेखितही केलं.

मनाला येईल ते बोलायची वेळ आली तेव्हा कोलिस्वा म्हणाली की तिला आईशी बोलायचं आहे. आई देशाबाहेर, झांबियात लुसाकाला, नातेवाइकांकडे. तिला वाचता येत नाही. पत्र दुसऱ्यानं वाचून दाखवायचं, म्हणून मनातलं काही लिहिता येत नाही. तीन वर्षांत आईनं लेकीचा आवाज ऐकलेला नव्हता. ही कॅसेट तिला पाठवाल का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नक्की, माझं ऐकून झालं की पाठवते. हे ऐकून लीलावतीनं तिची कॅसेट गुंटूरला, तिच्या आईकडे पाठवायला सांगितलं.

आता पद्धत. ऐकणाऱ्याचे पूर्वग्रह टाळायचे तर कॅसेटवर नाव नको. माझा सहकारी चंद्रहास याला मी दोन्ही सोपवल्या. त्यानं त्यांवर फक्त 'एक' आणि 'दोन' लिहून त्या मला परत दिल्या. कुठली कोणाची, ते कागदावर लिहून कागद त्याच्या खणात, खणाला कुलूप, किल्ली खिशात. आणि खिसा चंद्रहासबरोबर बहिणीच्या लग्नाला गोंड्याला.

नेमकं त्याच दिवशी कोलिस्वा धावत खाली आली. तिच्या ओळखीचा एक विद्यार्थी दुपारच्या गाडीनं दिल्लीला आणि तिथून लुसाकाला निघाला होता. रिक्षा दारात उभी होती आणि कोलिस्वा त्याला आईचा पत्ता लिहून देत होती. मी शांतपणे 'एक' लावली, दुसरी बाजू, मधूनच. खरखरीत कुणाचा ते न कळणारा बाईचा आवाज, आणि दर दोन शब्दांनी टच्, टच्, टिक्. झालं! 'एक' खोसा, म्हणजे 'दोन' आपोआप तेलुगू. दुसरी ऐकायची गरजच काय? 'एक' लुसाकाला गेली. 'दोन' मी दुसऱ्या दिवशी गुंटूरला पोस्टानं रवाना केली.

तीन आठवड्यांनी लीलावती एक पार्सल घेऊन आली. आत अर्धा किलो सुंठ आणि आईचं पत्र. लखनौच्या थंडीनं तुझी जीभ टाळूला चिकटते आहे, मला एक अक्षर कळलं नाही, रोज सुंठीचा काढा घे, बरं वाटेपर्यंत बोलू नकोस, असं आईनं लिहिलं होतं.

"अक्का, मैं तो ठीक बोला था," लीलावती म्हणाली. "चटनी के लिए मूंगफली छीलते-छीलते बोला।"

शेंगा! माझ्या डोळ्यांसमोर अधोरेखित ओळ उभी राहिली.

जिना चढून वर जायला मला पाऊण तास लागला. कोलिस्वानं सगळं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, की आईनं ती कॅसेट ऐकायला सगळी गल्ली बोलावली असेल. मग वही उघडून माझ्याकडे पाठ करून बसली. चार दिवस मी माफीची वाक्यं वहीत लिहून खोडत होते. ह्यांनी एकदाच विचारलं, "कुठल्या भाषेत माफी मागणार आहेस?" मी त्यांना सुंठीचा काढा दिला.

पाचव्या दिवशी लुसाकाहून कॅसेट आली. कोलिस्वानं ती आमच्या खोलीत, लीलावतीलाही बोलावून लावली. खोलीत म्हातारीचा आवाज भरला, टिचक्यांसकट, खऱ्या. कोलिस्वा ऐकत राहिली, मग तोंडावर हात धरून हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली. मला धीर धरवेना.

"क्या कहती हैं?"

"कहती हैं, यह औरत मेरी बेटी नहीं है, इतना तो मैं समझती हूँ। मोहल्ले में कोई एक शब्द नहीं समझा।" तिनं टेप बंद केली. "मगर पीछे चार बार तू हँसी है। मैं रोज़ वही चार जगह सुनती हूँ। जिस घर में तू ऐसे हँसती है, उन लोगों को मेरा सलाम कहना।"

लीलावतीनं तिला जवळ घेतलं. तेलुगूत काहीतरी म्हणाली. कोलिस्वानं खोसात उत्तर दिलं. दोघींना कळलं असावं, कारण दोघी पुन्हा हसल्या.

मी माझी वही काढून पाहिली. रेकॉर्डिंगच्या वेळी मी नियमाप्रमाणे टेपच्या आकड्यांसह नोंदी केल्या होत्या. लीलावतीच्या नावाखाली चार आकडे होते आणि पुढे माझ्याच स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'दुसऱ्या व्यक्तीचं हसणं. अनावश्यक. पाठवण्यापूर्वी पुसणे.'

रिक्षा दारात उभी नसती, तर मी पुसलंही असतं.