शांतम्माचं हैदराबाद

शांतम्मानं दशम्यांचं गाठोडं तिसऱ्यांदा सोडून पुन्हा बांधलं, तेव्हा दुकानाच्या पायरीवरून शिवाप्पा ओरडला, "आगं, गाडी निघून जाईल ना!"

"गेली तर दुसरी येईल," ती आतून म्हणाली. "वीस वरसं थांबले. अजून घडीभरानं काय व्हतंय?"

वीस वर्षं हे खरंच होतं. ताडकळसला शिवाप्पाचं किराणा दुकान, आणि त्या दुकानाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी आबासाहेब येऊन बसायचे. आबासाहेब गावचे मोठे जमीनदार. तरुणपणी कुठल्याशा दाव्यापायी ते दोन वर्षं हैदराबादला राहून आले होते. निजामाची राजधानी, तिथले बाजार, तिथला चारमिनार, टाळी वाजवली की वरपर्यंत ऐकू येते तो किल्ला, हे सगळं गावाला त्यांच्याच तोंडून ठाऊक. कुणी खोदून विचारलं, "आबासाहेब, पर चारमिनार दिसतो कसा?" की ते डोळे मिटून म्हणायचे, "ते सांगून कळायचं न्हाई. बघावंच लागतं." आत तूर निवडत बसलेली शांतम्मा दरवेळी हे ऐकायची. यंदा मुलाचं लग्न उरकलं, दुकानात सून-मुलगा बसायला लागले, आणि तिनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "आता मला ते बघायचंय."

बैलगाडीनं दोघं दिवेलागणीला पूर्णा जंक्शनला पोचले. फलाटाच्या दोन्ही अंगांना दोन गाड्या उभ्या होत्या.

"कुणाला तरी इचारा की," शांतम्मा म्हणाली.

"इचारायचं काय त्यात? तीस वरसं झाली, माझा माल याच इस्टेशनात उतरतोय."

माल उतरत होता हे खरं. पण शिवाप्पा स्वतः नांदेडच्या पुढं कधी गेला नव्हता, आणि रस्ता विचारणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यानं जरा मोकळी दिसणारी गाडी पाहिली, बायकोला आत चढवलं, गाठोडी बाकाखाली सरकवली आणि गाडी हलायच्या आत घोरायला लागला.

जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं आणि डब्यातली माणसं उतरत होती. शांतम्मा वेणी घालून, नवं इरकली लुगडं नेसून तयार बसली होती. शिवाप्पा गडबडीनं उठला, तिला सामानापाशी उभं केलं आणि तिकिटं घेऊन फाटकाकडं गेला. तिकीट बघणाऱ्यानं तिकिटं एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली.

"सेठजी, यह तो हैदराबाद का टिकट है."

"मंग? हैदराबादलाच आलोय."

"यह औरंगाबाद है."

शिवाप्पाच्या कपाळावरची विभूती घामानं ओली झाली. गाडी उलटी गेली होती. परभणी, सेलू, जालना ही सगळी गावं तो झोपेत मागं टाकून आला होता. तिकिटाचं काय ते निस्तरून तो परत फिरला. बायकोला काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत तो चालत होता. पण शांतम्मा टाचा उंच करून फाटकापलीकडं बघत होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की, लग्नातसुद्धा त्यानं तो तसा पाहिला नव्हता.

"आलं का हो हैदराबाद?" तिनं विचारलं.

"आलं," शिवाप्पा म्हणाला.

एकदा शब्द तोंडातून गेला तो गेला. बाहेर टांगेवाल्यांत त्यानं बंदेअली नावाचा एक म्हातारा निवडला आणि त्याला बाजूला घेतलं.

"हे बघ, दोन दिवस गाव दाखवायचं. पर आमच्या बाईम्होरं या गावाचं नाव घ्यायचं न्हाई. हैदराबाद म्हणायचं."

बंदेअलीनं दाढी खाजवली. "हौ सेठजी. अपने को क्या? घोड़े को भी कुछ मालूम नहीं."

त्यानं टांगा नेला तो थेट बीबीच्या मकबऱ्यावर. "देखो अम्मा, चारमिनार!"

शांतम्मा खाली उतरली. पांढऱ्या चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांना चार उंच मिनार. तिनं बोटांवर ते मोजले. मग पदर सावरत सगळं भोवतालून फिरून आली आणि आत वाकून बघितलं.

"आवो, आत तर कबर हाय."

"असते," शिवाप्पा म्हणाला.

"आबासाहेब कदी बोलले न्हाईत ते."

"इसरले असतील. वय झालं त्यांचं."

ती मिनारांकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, "लय देखणं हाय." ते ऐकून शिवाप्पाचा जीव थोडा भांड्यात पडला. पण दारातच एकानं बंदेअलीला हाक मारली आणि दोघांच्या बोलण्यात औरंगाबादचं नाव चारदा आलं.

"हा माणूस सारखा औरंगाबाद काहून म्हणायलाय?"

"त्याची सासुरवाड हाय तिकडं," शिवाप्पा म्हणाला आणि तिला घाईघाईनं टांग्यात बसवलं.

दुपारी बंदेअलीनं त्यांना पाणचक्कीवर नेलं. तिथं शांतम्मा जी थांबली ती हलेना. डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेलं पाणी वरून कोसळत होतं, खाली चाक फिरत होतं, आणि चाकाच्या जोरावर वरचं जातं आपोआप गरगरत होतं. बैल नाही, माणूस नाही. तीस वर्षं पहाटे उठून ज्वारी दळणारी ती बाई हौदाच्या काठाला बसली आणि तिनं आपले तळहात उघडून पाहिले.

"हे ज्यानं केलं, त्याच्या बायकूचे हात लय दुखत असतील बगा," ती हळूच म्हणाली.

शिवाप्पानं जाऊन पेरू आणले, तिखटमीठ लावून. ते इतके गोड निघाले की शांतम्मानं आणखी चार मागितले. संध्याकाळी हलवायाकडं कढईतून काढलेली जिलबी आणि आटवलेलं दूध झालं. धर्मशाळेत निजताना ती म्हणाली, "आबासाहेब सांगायचे त्याच्याहून चांगलंच हाय की हो."

दुसऱ्या दिवशी मात्र तिनं टाळीच्या किल्ल्याचं नाव काढलं. शिवाप्पानं बंदेअलीकडं पाहिलं. बंदेअलीनं आभाळाकडं पाहिलं आणि टांगा दौलताबादच्या वाटेला लावला.

"मी खाली टाळी वाजवते," दरवाज्यात शांतम्मा म्हणाली. "तुमी वर जावा. ऐकू आली की वरडून सांगा."

शिवाप्पाला पायऱ्या चढायची सवय नव्हती. तो धापा टाकत, अंधाऱ्या भुयारात दोनदा डोकं आपटून, कसाबसा वरच्या सज्ज्यावर पोचला. खाली शांतम्मा तिळाएवढी दिसत होती. टाळी ऐकू यायची सोयच नव्हती. त्यानं अंदाजानं थोडा वेळ जाऊ दिला आणि जीव खाऊन ओरडला, "आली! आली! झ्याक आली!"

वाऱ्यानं तो आवाज खाली नेला. खाली बंदेअलीनं शांतम्माकडं वळून बघितलं. तिच्या एका हातात अर्धा पेरू होता आणि दुसऱ्यात मिठाची पुडी.

परतीला शिवाप्पानं हट्टानं संध्याकाळचीच गाडी धरली. दिवसाच्या गाडीत बायकोला वाटेतली सगळी गावं दिसली असती.

ताडकळसला पोचल्यावर बाजाराच्या दिवशी ओट्यावर गर्दी जमली. शेजारची कस्तुराबाई शांतम्माला सोडेना. "सांग की गं, चारमिनार कसा हाय?" शिवाप्पा तराजू धरून उभा होता. तेवढ्यात आबासाहेब काठी टेकत आले आणि नेहमीच्या जागी बसले. शिवाप्पाच्या हातातली तूरडाळ पारड्याबाहेर सांडली. आता सगळ्या गावादेखत आपली फजिती होणार, मेलं तरी लोक हे विसरणार नाहीत, असं त्याला वाटलं.

शांतम्मा रंगात आली होती. "पांढरा शुभ्र हाय, कस्तुराबाई. चार कोपऱ्याला चार मिनार. आत बेगमेची कबर. आन् शेजारी पाण्यावर फिरणारी चक्की!"

सगळ्यांच्या माना आबासाहेबांकडं वळल्या. शिवाप्पानं डोळे मिटले.

"बराबर," आबासाहेब म्हणाले.

शिवाप्पानं डोळे उघडले.

"अगदी बराबर. पांढरं शुभ्र," आबासाहेबांनी मान डोलावली. "मी व्हतो तवा ह्याच चक्कीचं पीठ खायचो की. त्या पिठाची भाकर लय फुगायची."

"पेरू बी गोड हायेत तिथले," शांतम्मा म्हणाली.

"हैदराबादी पेरू! त्याला तोड न्हाई."

लोक खूश झाले. आबासाहेब त्याहून खूश झाले आणि त्या दिवशी त्यांनी बेगमेची आणखी बरीच हकिकत सांगितली. शिवाप्पाला सुटल्यासारखं वाटलं, पण डोक्यात काहीतरी टोचत राहिलं.

जेवायला बसल्यावर शांतम्मानं भाकरीवर तूप वाढलं आणि सहज म्हणाली, "आबासाहेब हैदराबादला कदी गेलेच न्हाईत."

"तुला कसं कळलं?"

"औरंगाबादच्या मकबऱ्याला ते चारमिनार म्हणले की."

शिवाप्पाचा घास हातातच राहिला. "मंजी... तुला ठावं व्हतं?"

"परभणीला गाडी थांबली तवा मी जागीच व्हते. माझी भैन तानुबाई तिथं दिलेली हाय. ते इस्टेशन मी वळखत न्हाई व्हय?"

"मंग मला उठवलं काहून न्हाईस?"

"उठवलं असतं तर तुमी तिथंच उतरून मला घरी आणलं असतं. मंग ना हे गाव, ना ते." तिनं त्याच्या ताटात चटणी वाढली. "तुमचा तो टांगेवाला लय गुणी व्हता."

शिवाप्पा भाकर मोडायला लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुझं हैदराबाद राहिलंच की गं. संक्रातीनंतर जाऊ. ह्या खेपंला इचारून बसंन गाडीत."

"जाऊ की. मी कस्तुराबाईला सांगून बी ठिवलंय."

"काय सांगितलंस?"

"हैदराबाद तर बघून झालं म्हणलं," शांतम्मा म्हणाली. "आता संक्रातीनंतर आमी औरंगाबादला जायलोत."