पोट दाबून घेतलेला टॅबलेट

आमच्या बिल्डिंगमध्ये घड्याळाचा गजर कोणी लावत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या हिरावहिनी सकाळी गॅलरीत येतात, खाली गॅरेजमध्ये असलेल्या नवऱ्याला "अहो, चाय झाली!" अशी हाक मारतात आणि तिन्ही मजल्यांवरची माणसं उठून बसतात. शेजारच्या बिल्डिंगमधला रात्रपाळीचा एक ऑपरेटर तर झोपेतच "आलो, आलो" म्हणतो, असं त्याची बायको सांगते.

बरं, हा आवाज फक्त नवऱ्यासाठी राखून ठेवलाय म्हणावं, तर तसंही नाही. वहिनी सगळ्यांशी याच पट्टीत बोलतात. भाजीवाल्याशी, पोस्टमनशी, दाराशी येणाऱ्या मांजराशीसुद्धा. कोणाकडे समाचाराला गेल्या तर "झालं ते झालं, आता धीर धरा" हे इतक्या जोरात म्हणतात की धीर धरणारा दचकतो. एकदा त्यांनी माझ्या बायकोला जिन्यात गाठलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "कोणाला बोलू नका, आमच्या पुतणीचं लग्न जमतंय, अजून पक्कं नाय." संध्याकाळपर्यंत साऱ्या बिल्डिंगने त्यांचं अभिनंदन केलं होतं.

मी मूळचा सांगलीकडचा. इथल्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून बोईसरजवळच्या कुंभवलीत राहायला आलो, त्याला तीनेक वर्षं झाली. वहिनी दांडीच्या, समुद्रकाठच्या. वाऱ्यावर हाका मारून मारून आवाज असा झाला असणार, हे बिल्डिंगने परस्पर ठरवून टाकलं होतं. मीही तेच धरून चाललो होतो.

आवाजाच्या खालोखाल वहिनींची ख्याती म्हणजे "पोट दाबून बघा." मासा घेताना डोळा बघायचा, कल्ले उचलायचे आणि पोट दाबायचं. पोट घट्ट असलं तर मासा ताजा. हा नियम त्यांनी बाजाराबाहेरही लागू केलाय. पावाची लादी, उशी, गादी, पोरांची दप्तरं, कशाचीच सुटका नाही. आमचा नवा सोफा आला तेव्हा त्याचंही पोट दाबून झालं आणि "बसेल हा लवकर" असा शेराही मिळाला. खरंच बसला. पुतणीला बघायला आलेल्या मुलाकडे बघून त्या म्हणाल्या, "डोळा बरा हाय. पण पोट दाबून बघायला पायजे." मुलगा समोरच पोहे खात होता. लग्न तरीही जमलं.

त्यांचे यजमान जनूभाऊ म्हणजे याच्या अगदी उलट टोक. हा माणूस बोलायचाच नाही. गाडी आली की बॉनेट उघडायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग एकच शब्द यायचा, "बेअरिंग." आणि बेअरिंगच निघायचं. त्या एका शब्दासाठी पालघरहून गाड्या यायच्या.

पण गेल्या वर्षापासून काहीतरी बिनसलं. जनूभाऊ बेल्ट म्हणाले तिथे बेअरिंग निघालं, बेअरिंग म्हणाले तिथे भलतंच. एका गाडीचं तर बरं असलेलं इंजिन उघडून बसले. पालघरचा ट्रॅव्हल्सवाला आपल्या गाड्या दुसरीकडे न्यायला लागला, त्याचं बघून बाकीचे गेले. गॅरेजसमोर जिथे गाड्या उभ्या असायच्या तिथे मांजरं ऊन खात पडू लागली.

एका रविवारी वहिनी आमच्या दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमी मशीनवाले. गाडीचं दुखणं दाखवणारा टॅबलेट असतो ना? तो घ्यायचा हाय. स्वस्तातला. चला."

"पण जनूभाऊ काय म्हणतात?"

"ते काय म्हणतायत! म्हणतात, गाडीला कशाला टीव्ही?" आणि मग त्याच चढ्या आवाजात, पण डोळे पुसत म्हणाल्या, "गॅरेज बंद पडलं त हे घरात बसतील, भाऊ. मना ते बघवणार नाय."

मी चपला घातल्या. गाडीच्या स्टिअरिंगखाली लावायची एक छोटी डबी मिळते. ती इंजिनाची तक्रार ब्लूटूथवरून टॅबलेटला कळवते आणि टॅबलेट ती पडद्यावर दाखवतो. डबी मी एका मित्राकडून मिळवली. टॅबलेटही तासाभरात घेऊ, असं मला वाटलं होतं. वहिनींबरोबर मी कधी बाजाराला गेलो नव्हतो, त्याचा हा परिणाम.

बोईसर स्टेशनजवळच्या पहिल्या दुकानात पोऱ्याने एक चकचकीत, पापडासारखा पातळ टॅबलेट काढला. वहिनी तो हातात घेऊन सरळ रस्त्यावर गेल्या. "आंटी, बाहर मत ले जाओ!" करत तो मागे धावला. उन्हात पडदा काळाठिक्कर दिसत होता. "गॅरेज काय तुझ्या दुकानात हाय? गाडी उन्हातच उभी असते," वहिनी म्हणाल्या. रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनाही हे पटलं. पोऱ्याने मग टॅबलेटच्या आवाजाची तारीफ सुरू केली, दोन-दोन स्पीकर आहेत म्हणाला.

"आवाज घेऊन काय करू? दिसतं किती ते बोल. अक्षर किती मोठं होतं?"

मला हे जरा विचित्र वाटलं. पण वहिनींच्या बाबतीत विचित्र वाटणं हे काही नवीन नव्हतं.

दुसऱ्या दुकानात वापरलेले टॅबलेट होते, निम्म्या किमतीत. एक मला फारच पसंत पडला. मी त्याची मेमरी वगैरे बघत होतो, तोवर वहिनींनी त्याचं पोट दाबलं. पडदा एका कडेने किंचित उचलला गेला. आतली बॅटरी फुगलेली होती.

"हा परवाचा हाय," वहिनी म्हणाल्या आणि दुकानदाराला परत दिला. दुकानदाराने तो काउंटरखाली सरकवला. मीही माझी पसंती काउंटरखाली सरकवली.

तिसऱ्या दुकानात दुपार झाली. तिथे एक जाडजूड, ओबडधोबड टॅबलेट होता, कोणी विचारत नसल्यामुळे कोपऱ्यात पडलेला. वहिनींनी तो उन्हात नेला, दिसला. पोट दाबलं, घट्ट. पर्समधून बाटली काढून बोटाला इंजिन ऑइल लावलं आणि तेलकट बोटाने पडदा सरकवला, सरकला. दुकानदार कपाळाला हात लावून बसला होता. अक्षरं मोठी करा म्हणाल्या, मी ती इतकी मोठी केली की रस्त्यापलीकडून वाचता यावीत. "अजून," वहिनी म्हणाल्या. मग घासाघीस झाली. ती बोईसरने ऐकलीच आहे, मी सांगायला नको.

परत आलो तर गॅरेजसमोर वहिनींचा भाऊ दांडीहून आपला पिकअप घेऊन आलेला. गाडीतून बर्फ आणि मासळी जाते. "भावजी, चढावर दम टाकते," तो म्हणाला. गाडी चालू होती आणि उभ्या जागी अशी धडधडत होती की माझ्यासारख्या अडाण्यालाही कळावं. जनूभाऊंनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बराच वेळ उभे राहिले.

"आवाजात काय नाय," ते म्हणाले. "चांगली चाललीय."

मेहुणा हसला, त्याला थट्टा वाटली. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी पदर मुठीत आवळून धरला होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"डबी लावा, भाऊ!" वहिनी ओरडल्या.

मी डबी लावली. टॅबलेटचं चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, स्वस्तातला शेवटी. मग लाल अक्षरांत तिसऱ्या इंजेक्टरची तक्रार उमटली. जनूभाऊंनी ती दुरूनच वाचली. वाकले, तिसऱ्या इंजेक्टरचा वायरचा जोड काढला. मासळीचं खारं पाणी लागून तो आतून हिरवा पडला होता. त्यांनी तो घासला, पुसला, घट्ट बसवला आणि गाडी परत चालू करायला लावली. धडधड थांबली. ती त्यांना ऐकू आली नाही. पण बॉनेटच्या कडेला तळवा टेकवून ते उभे राहिले आणि हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. मला इतकं हायसं वाटलं की मी गॅरेजमधल्या तेलकट बाकड्यावर तसाच बसलो.

"मना आता इंजिन ऐकू येत नाय, साहेब," जनूभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले. इतकं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "हाताला थोडं समजतं. बाकी हा सांगेल." आणि त्यांनी टॅबलेटवर टिचकी मारली.

मेहुणा बहिणीकडे बघत राहिला. "म्हणून ही अशी वरडते होय! साहेब, आमच्या दांडीत हिला मुकी हिरा बोलायचे. लग्नानंतरसुद्धा किती वर्षं हिचा आवाज म्हणून आमाला ऐकू येत नव्हता."

वहिनी काहीतरी बोलल्या. मला समजलं नाही, म्हणून मी बाकड्यावरून जवळ सरकलो.

"एकट्या त्यांच्याशीच वरडले असते त लोकांना कळलं असतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांशीच वरडले. मग कोण काय इचारतंय?"

हा त्यांचा खरा आवाज होता. मऊ होता, आणि गाडीच्या नीट चाललेल्या इंजिनाखालीही दबून जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आलीच नाही. अर्धी बिल्डिंग उशिरा उठली, दोघांची कंपनीची बस चुकली. वहिनी आजारी पडल्या की काय म्हणून मी घाईघाईने गॅलरीत आलो. खाली त्या दोन कप घेऊन गॅरेजमध्ये शिरत होत्या. जनूभाऊ पाठमोरे बसले होते. वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, ते वळले, हसले, कप घेतला.

"वहिनी, बरं आहे ना?" मी वरून ओरडलो.

त्यांनी मान वर केली आणि हसून काहीतरी उत्तर दिलं. मला ते ऐकू आलं नाही.