बिरप्पाला बोलायला शिकवलं त्याची गोष्ट

बिरप्पा बंडगर शहरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या बुकिंग ऑफिसात बावीस वर्षं बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहीत होता. अक्षर मोत्यासारखं, चूक कधी नाही. पण तोंडातून शब्द काढायचा तर जणू खिशातून पैसे काढावे लागायचे. गिऱ्हाइकांनी मालकांकडे तक्रार केली, ‘तुमचा तो माणूस बोलतच नाही.’ मालकांनी पुण्याहून उत्कर्षा मॅडमना बोलावलं आणि एका शनिवारी सगळ्या स्टाफला संवाद कौशल्याच्या ट्रेनिंगला बसवलं.

“समोरच्याचं पूर्ण ऐकायचं,” मॅडम म्हणाल्या. “मग तेच आपल्या शब्दांत परत म्हणायचं. आणि शेवटी विचारायचं, तुम्हाला कसं वाटतंय? ऑफिसात करा, घरी पण करा. आठवड्याने मी विचारणार आहे.”

बिरप्पाने ते वहीत उतरवून घेतलं. शाळेतही तो गृहपाठ चुकवत नसे.

सोमवारी चादरीचे व्यापारी गुरप्पा तणतणत आले. “चार दिवस झाले, माझे गठ्ठे नागपूरला पोचले नाहीत.”

“म्हंजे तुमचं म्हननं असं हाय की, गठ्ठे पोचले न्हाईत,” बिरप्पा म्हणाला.

“मग मी काय बोललो?”

“तुमाला कसं वाटतंय?”

गुरप्पांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ते तडक मालकांच्या केबिनमध्ये गेले.

संध्याकाळी तो खोलीवर आल्यावर घरमालकीण रत्नम्मा दारात आल्या. चौदा वर्षं तो त्यांच्याकडे भाड्याने राहत होता आणि दोघांमध्ये पाण्याशिवाय दुसरा विषय निघाला नव्हता.

“पाणी आलंय, भरून घ्या.”

“म्हंजे पानी आलंय, असं तुमी म्हनताय.”

“मी खोटं सांगते काय? नळ बघा की.” रत्नम्मा दुखावल्या आणि निघून गेल्या. कसं वाटतंय ते विचारायचं राहूनच गेलं.

उरलं घर. घर म्हणजे सांगोल्याजवळची वाडी. तिथे म्हातारी आई, तीस मेंढरं आणि बायको गोजाबाई. बिरप्पा महिन्यातून एकदा जायचा. बाकीचे दिवस सात वाजता फोन व्हायचा. “जेवला का?” “व्हय. तू?” “व्हय.” मग दोघं थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकायची आणि फोन ठेवायची. खोलीत परत पंख्याचा आवाज उरायचा.

त्या दिवशी त्याने वही मांडीवर घेऊन फोन लावला.

“आज एक मेंढी लंगडतीया,” गोजाबाई म्हणाली.

“म्हंजे मेंढीच्या पायाला कायतरी झालंय.”

“व्हय.”

“गोजा, तुला कसं वाटतं?”

“मेंढीचं?”

“न्हाय. तुला. एकूण.”

पलीकडून एकदम, “आवो, खरं सांगा, काय झालंय?” आणि तो तोंड उघडेपर्यंत फोन बंद झाला होता.

पाच मिनिटांत वाडीवरून धाकटा भाऊ मल्हारचा फोन आला. “दादा, वैनी रडतीया. तू तिला काय इचारलंस?”

बिरप्पाला वाटलं, सराव करायला ही संधी बरी आहे. “म्हंजे तुला माजी काळजी वाटतीया, मल्हार.”

जन्मात दादा असं बोलला नव्हता. मल्हारने लगेच रत्नम्मांना फोन केला.

“बरोबर नाही त्यांचं,” रत्नम्मा म्हणाल्या. “नळाला पाणी धो धो येतंय, आणि हे विचारतात, आलंय काय.”

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बिरप्पा डबा भरत असताना दारात जीप थांबली आणि तिच्यातून घरची नऊ माणसं उतरली. मामांच्या मते डोक्यात रक्त साकळलं होतं. आत्याच्या मते कुणीतरी काहीतरी खायला घातलं होतं. मल्हारला वाटत होतं, नोकरी गेली. एकाने जीभ बाहेर काढायला लावली, दुसऱ्याने डोळ्यांत बॅटरी मारली.

“अरं, ट्रेनिंग होतं,” बिरप्पा म्हणाला.

“कशाचं?”

“बोलायचं.”

“पन्नाशीत?” मामांनी मान हलवली. “बघा, मी म्हनलो नव्हतो?”

मग कुठल्या दवाखान्यात न्यायचं, यावर सगळे एकदम बोलू लागले. रत्नम्मा चहा घेऊन आल्या आणि त्यांनीही मत दिलं. दहा बाय दहाच्या त्या खोलीत इतका आवाज चौदा वर्षांत झाला नव्हता. बिरप्पाला कुणी बोलू देईना; पण भिंतीला टेकून बसल्या बसल्या त्याला ते सगळं फार बरं वाटत होतं. हे लवकर आटपू नये, असं वाटत होतं.

गोजाबाई कोपऱ्यात होती. ती इथे कधी आलीच नव्हती. तिने एकुलतं ताट पाहिलं, एकुलता पेला पाहिला. खिळ्याला अडकवलेला, उसवलेल्या खिशाचा शर्ट काढून ती शिवायला बसली.

अखेर मालकांना फोन लावल्यावर ट्रेनिंगची गोष्ट खरी निघाली. नोकरीही शाबूत होती. मामा जरा नाराजच झाले. रागावत, हसत, एकमेकांना दोष देत सगळी मंडळी जीपमध्ये चढली. ‘तू म्हनलास,’ ‘न्हाय, तूच म्हनलास,’ असं भांडत जीप वळणापलीकडे गेली.

बिरप्पा आत आला. गोजाबाई तिथेच बसली होती. शिवलेल्या खिशाचा दोरा दातांनी तोडत.

“गोजा, जीप गेली की.”

“व्हय. ऐकलं मी.”

“तू हाक न्हाय मारलीस?”

“कुनी इचारलंच न्हाय, बसलीस का म्हनून.”

त्याने फोन काढला. मल्हारचा नंबर शोधू लागला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “मेंढरं म्हातारी बघंल दोन दिवस. कळंल त्यास्नी.”

जीपमधल्यांना कळलं तेव्हा वाटेतलं मंगळवेढं मागे पडलं होतं. मल्हारचा फोन आला. “दादा, वैनी तितंच हाय का?”

बिरप्पाने गोजाबाईकडे पाहिलं. ती शर्ट झटकून उजेडात धरून बघत होती.

“हाय की,” तो म्हणाला आणि ऑफिसला रजा कळवायला दुसरा नंबर फिरवला.