बत्तीस ठिपक्यांचे मेश्रामभाऊ

आमच्या ऑफिसात विधानसभेच्या प्रश्नोत्तरांची फाईल कारल्यात असायची. म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या फोल्डरला मेश्रामभाऊंनी कारल्याचं चित्र लावलं होतं. साहेब घाईघाईने यायचे, "मेश्राम जी, सवाल-जवाब वाली फाइल किधर है?" आणि भाऊ मान वर न करता सांगायचे, "करेला में, सर."

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. भोपाळहून ट्रकांनी फायली येत होत्या, बसायला पुरेशा खुर्च्या नव्हत्या, पण कॉम्प्युटर आले होते. मी तिथे डाटा ऑपरेटर. मेश्रामभाऊ वरिष्ठ लिपिक, शहराच्या गुढियारी भागातून सायकलने येणारे, उभा जन्म टाइपरायटरवर गेलेला. अख्ख्या शाखेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून टेबलं शेजारी लावून घेतली होती.

बाकीचे बाबू कॉम्प्युटरला हात लावायला घाबरायचे. भाऊंना त्याचा रागच होता, आणि तोही भलत्याच कारणाने. "सगळे फोल्डर पिवळेच काहून? माणसाचं तोंड वेगवेगळं असते, तं कागदाचं काहून नको?" झालं. कुठल्याशा मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीत त्यांना आयकॉन बनवायचा प्रोग्राम सापडला आणि शाखेचा अवतारच पालटला. रजेच्या अर्जांना उशी, पेन्शनला आरामखुर्ची, चौकशीच्या प्रकरणांना उंदराचा पिंजरा. माझ्या फोल्डरला मिरची. मिरचीच का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आरशात पाहा न ताई."

आडवे बत्तीस ठिपके, उभे बत्तीस ठिपके, एवढंच ते चित्र. तेवढ्यात भाऊ कारल्याचे काटेसुद्धा बसवायचे. पण त्यांचा खरा जीव अडकायचा तो मागच्या चौकटीत. पडद्यावर मागे कायम हिरव्या टेकडीचं चित्र असायचं, त्या टेकडीवर कारलं ठेवलं आणि त्याच्याभोवती पांढरा चौकोन दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. "पाटावर बसवलं काय त्याले?" मग चित्राच्या मागे भडक गुलाबी रंग ओतायचा आणि प्रोग्रामला सांगायचं, हा गुलाबी पारदर्शक कर. गुलाबीच का? "कारल्यात गुलाबी नसते. जो रंग चित्रात नाही तोच मागं टाकायचा. नाही तं चित्रालेच भोकं पडतात." हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवायचे, टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनलासुद्धा.

एका पावसाळ्यात भाऊ आठ दिवस आले नाहीत. आल्यावर म्हणाले, "घरी काम होतं." मी पुढे विचारलंच नाही. कामाच्या गडबडीत होते, दुसरं काय.

महिनाभराने पाहते तर भाऊंच्या पडद्यावर नवा आयकॉन. एका बाईचा चेहरा, खाली दोन हात आणि मधे काहीच नाही, नुसती हिरवी टेकडी. मला हसू आवरेना. बरं, हसले ते हसले, वर चार टेबलांवरच्या लोकांना हाका मारल्या, "देखो देखो, मेश्राम जी ने भूत बनाया है." सगळे जमले, पोट धरून हसले. भाऊही थोडे हसले. मग त्यांनी तो आयकॉन काढून टाकला आणि जावक रजिस्टर उघडलं.

दुपारी डबा खाताना आमच्या शिपायाने हळूच सांगितलं, "दीदी, वो उनकी घरवाली थी. पिछले महीने गुज़र गई." मी डबा तसाच झाकला.

मी जाऊन शेजारी बसले. मूर्खासारखं विचारलं, "भाऊ, मागे गुलाबी टाकायचा हे तुम्हीच तर शिकवलं ना?"

"हव," ते म्हणाले. "तो दीक्षाभूमीवरचा फोटो आहे, ताई. आंगावर पांढरी साडी, मागं पांढरी भिंत. गुलाबीच टाकाले पाहिजे होता. पण तिच्या मागं तो भडक रंग टाकावासा नाही वाटला मले. म्हटलं, पांढऱ्यालेच पारदर्शक करू. साडी बी गेली."

"फोटोच ठेवा ना टेबलाच्या काचेखाली."

"काचेवर लोक चहाचे कप ठेवतात. घरी आहे फोटो. पण माया सारा दिवस तं इथंच जाते न."

मी म्हटलं, मी करून देते. अगदी मनापासून म्हटलं. मग मार्च आला, मग बदल्यांच्या याद्या आल्या, मग घरी सासूबाईंचं ऑपरेशन. ही सगळी निमित्तं. खरं म्हणजे मला त्या फोटोकडे बघायची लाज वाटत होती. भाऊंनी एकदाही आठवण करून दिली नाही. नवा आयकॉनही पुन्हा बनवला नाही. नव्या फायली मुकाट्याने पिवळ्या फोल्डरांत जाऊ लागल्या आणि साहेब म्हणाले, "चलो, अच्छा है, अब मिल तो जाती है."

शेवटी भाऊंच्या रिटायरमेंटच्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी ते काम केलं. स्कॅन केलेला फोटो त्यांच्या कॉम्प्युटरवर अजून होताच. मागची भिंत ठिपक्याठिपक्याने गुलाबी केली, साडीचा एक ठिपका जाऊ दिला नाही. दीड तास लागला. दीड तासाच्या कामाला मी दीड वर्ष लावलं.

हार, शाल, समोसे आटोपून भाऊ चार्ज द्यायला टेबलाशी आले. टेकडीवर वहिनी होत्या, पांढऱ्या साडीत, अख्ख्या. भाऊंनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं.

"काठ बी आला न ताई," ते म्हणाले. "निळा होता."

"फ्लॉपीत टाकून देते, भाऊ. घरी न्या."

"घरी कुठं कॉम्प्युटर आहे मायापाशी?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना त्या या टेबलावर हव्या होत्या, आणि हे टेबल आजच्यापुरतंच त्यांचं होतं. मला रडूच आलं. नवे बाबू चार्जची यादी घेऊन मागे उभे होते. "मेश्राम जी, हो गया क्या?"

"पाँच बजे तक ये टेबल मेरा है," भाऊ म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून पडद्याकडे बघत बसले. तेव्हा सव्वाचार झाले होते.