उपसाबंदीचा दिवस

नदी ही माता आहे, याबद्दल सरकार आणि जनता यांच्यात मतभेद नाही. आणि आईच्या ताटातलं उचलताना विचारायचं नसतं, याबद्दल तर मुळीच नाही. मात्र माणसानं नेमकं किती उचललं हे एकदा मोजावं, असं वरून ठरलं आणि ते काम शाखा अभियंता उमादेवीच्या टेबलावर येऊन पडलं.

उमादेवी मूळची कर्नाटक सीमेजवळच्या मुरुम गावची. घरी कन्नड, कचेरीत मराठी, आणि दोन्ही भाषांत एकच समजूत : मोजलेलं खरं असतं. (नोकरी नवीन होती.) तिला तेरच्या धरणाखालचं, तेरणा नदीकाठचं एक गाव मिळालं. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर 'आमचं का नाही?' म्हणून बाकीची गावं रुसतील.

माणसामुळं नदी किती घटली हे कळायचं, तर आधी माणसाशिवायची नदी मोजायला हवी. निवडणुका तोंडावर असल्यानं माणसं हलवणं शक्य नव्हतं. म्हणून एक दिवस नदीवरच्या मोटारी बंद ठेवायचं ठरलं. ग्रामसभेत शंभर टक्के हात वर झाले. उत्साही मंडळींनी दोन्ही केले. नदीवर अधिकृत मोटारी अकरा होत्या. (अनधिकृत एकही नाही. उरलेल्या चाळीस पै-पाहुण्यांच्या.) सरपंच आण्णासाहेबांनी नारळ फोडला आणि त्यागावर असं भाषण केलं की उमादेवीला गहिवरून आलं.

ठरल्या दिवशी ती डोहात रोवलेल्या मोजपट्टीपाशी उभी राहिली. धरणातून सोडलेली बारीक धार चालूच होती. तेव्हा पाणी चढायला हवं होतं. ते उतरायला लागलं, आणि रोजच्यापेक्षा झपाट्यानं. तिनं पट्टी हलवून पाहिली. पट्टी घट्ट होती. मग ती काठाकाठानं चालत निघाली.

पहिल्याच उसात पाणी सऱ्या फोडून वाहत होतं. धुरपदाबाई खोरं घेऊन दारं धरत होत्या.

"मावशी, मोटार चालू?"

"व्हय की! समद्यांच्या बंद हायत न्हवं? मग माझ्या एकलीच्या मोटारीनं नदीला काय व्हतंय?"

पुढच्या रानात हेच उत्तर मिळालं, त्याच्या पुढच्या रानातही. गावाचा एकमेकांच्या त्यागावर इतका गाढ विश्वास होता की काहींनी भाड्यानं जादा मोटार आणून टाकली होती. आण्णासाहेबांच्या दोन्ही चालू होत्या.

"ठराव तुम्हीच मांडलात ना?" उमादेवीचा आवाज चढला.

"मांडला की म्याडम! पर तो गावासाठी. सरपंच गावात कुठं मोडतोय?"

ती परतली तेव्हा डोहात चिखल उरला होता. अहवालासाठी लागणारी जलचरांची मोजणी मात्र सोपी झाली, कारण मासे प्रथमच एका जागी स्थिर होते. तेवढ्यात गावकरी पाट्या घेऊन उतरले आणि मोजणीचीही गरज संपली. उमादेवीच्या पायाशी एक मरळ तोंडाची उघडझाप करत होता. जन्मात माशाला हात न लावलेल्या त्या बाईनं त्याला एका खळग्यात लोटलं आणि प्यायच्या पाण्याची बाटली त्याच्यावर रिती केली. अहवालात 'मानवाकडून नदीस मिळालेले पाणी' या सदरात तेवढीच नोंद आहे : एक लिटर. (मरळ थोड्या वेळानं कुणाच्या तरी पाटीत गेला.)

"उपसा बंद असताना पाणी जास्त घटलं म्हणता?" कचेरीत तिच्या साहेबांनी विचारलं.

"सर, उपसा बंद नव्हताच. कुणीच—"

"बंद असल्याचा ठराव आहे. चालू असल्याचा आहे?"

तसा ठराव नव्हता. त्यामुळं निष्कर्ष सरळ निघाला : माणसानं पाणी उपसणं थांबवल्यास नदी आटते, सबब नदीच्या हितासाठी उपसा वाढवावा. उमादेवीनं सही केली. ती नेहमीपेक्षा बारीक आली, पण चालली. गावाला 'नदीमित्र' पुरस्कार मिळाला.

हे वाचून ज्यांना त्या गावाचा संताप आला असेल, त्यांचं अभिनंदन. त्यांनी आता एवढंच करावं : गच्चीवरची टाकी भरून वाहत असल्याचा आवाज येतोय, तिकडं मुळीच लक्ष देऊ नये. इमारतीतलं दुसरं कुणीतरी मोटार बंद करायला गेलंच असेल.